हलक्या खिशाची मुशाफिरी

प्रवासाला निघताना माणसाने बरोबर काय काय घ्यावे याविषयी शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु बरोबर काय नसावे, हे फारसे कोणी सांगत नाही. मला विचाराल तर परक्या मुलखातल्या परक्या शहरात जाताना जवळ फार पैसा नसावा. असला म्हणजे तो सारखा मध्ये मध्ये येतो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की तो मोटार बोलावतो, हॉटेलच्या दारापाशी नेऊन सोडतो, वाढप्याला बक्षिशी देतो आणि रात्री मऊ गादीवर निजवून म्हणतो, "झालं हो तुमचं शहर पाहून!" शहराची आणि आपली गाठ पडूच नये, अशी सारी व्यवस्था तो मोठ्या अदबीने करीत असतो. खिसा हलका असला म्हणजे मात्र पायांना कंठ फुटतो. वाट विचारावी लागते, भाजीचा भाव विचारावा लागतो, पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारावे लागते. आणि विचारणाऱ्या माणसाला शहर काही ना काही सांगतेच.

हे सगळे तत्त्वज्ञान म्हणजे कोल्ह्याची आंबट द्राक्षे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! खेड्यातल्या निवृत्त मास्तराच्या वाट्याला द्राक्षे येतात ती बहुधा आंबटच असतात. तीही त्याने गोड मानून खाल्ली तर कोणाचे काय बिघडले?

आमचे गाव तेर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी. बाहेरच्या माणसाला तेर म्हटले की गोरोबाकाका आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण हे गाव गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे नांदते होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची एक वही लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात तिला. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर 'तगर' नावाचे मोठे शहर आहे, तिथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत घालून, अवघड वाटांनी भडोचला येते, असे त्याने लिहिले आहे. हे तगर म्हणजे आमचे तेर, हे फ्लीटसाहेबाने १९०१ साली दाखवून दिले. पुढे १९५८ साली इथे उत्खनन झाले. आणि त्याही आधीपासून गावातले एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, पांढरीच्या टेकाडांत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या असे मिळेल ते मायेने गोळा करीत होते. त्यांनी जमवलेल्या हजारो वस्तूंतून आमच्या गावचे संग्रहालय उभे राहिले.

त्या संग्रहात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. दर वर्षी मी सातवीच्या मुलांना तिच्यापुढे उभे करी आणि सांगे, "मुलांनो, हिची एक बहीण इटलीत आहे. पाँपेई नावाचं शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालं, त्या राखेत १९३८ साली ती सापडली." तीस वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, तुम्ही पाहिलीय का ती?" मी म्हणालो, "नाही बाळ." मुलगा खाली बसला. त्याला उत्तर मिळाले होते. मला मात्र त्या प्रश्नाने पुढे झोप लागू दिली नाही.

घरात अडीच लाख रुपये बाजूला काढलेले होते, ते माळवदासाठी. ज्यांनी मराठवाड्यातली जुनी घरे पाहिली आहेत त्यांना माळवद म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात चाळण. ते उतरवून वर स्लॅब टाकायचा, असा कौल घरात केव्हाच लागला होता. त्यामुळे इटलीचा विषय मी चाचरतच काढला. सौभाग्यवती शेंगा फोडीत बसली होती. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, "दोघांना पुरतील का?"

"काटकसरीनं गेलो तर पुरतील. पण माळवद?"

"माळवद अजून दोन पावसाळे काढील. तुमचे-माझे गुडघे काढतील की नाही, ते सांगता येत नाही."

अशा रीतीने हा ठराव एकमताने संमत झाला. खजिनदारपद अर्थात तिच्याकडे गेले. एक लांबट जमाखर्चाची वही आली आणि तिच्या पहिल्या पानावर 'श्री' घालून खाली तिने लिहिले, 'इटली.'

युरोपात शिरायचे म्हणजे आधी कागदांचा डोंगर ओलांडावा लागतो. बँकेत पैसे आहेत हे दाखवा. तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा उतरवा. रोज रात्री कुठे निजणार ते लिहून द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत येणार आहोत, अशी खात्री पटवा. "पंढरपूरला जाताना बरं आहे," ती म्हणाली, "विठोबा फक्त 'या' म्हणतो. 'केव्हा जाणार' हे विचारीत नाही." शिदोरीचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. कडक भाकरीची चवड, शेंगांची चटणी, येसर आणि बेसनाची पुरचुंडी. कुंथलगिरीचे पेढे मात्र घरीच राहिले. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. जानेवारीचे दिवस होते, संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून तिने तिळगुळाचा डबा भरला. "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो," ती म्हणाली, "आणि ती यायला अजून अवकाश आहे."

२०२४ च्या जानेवारी अखेरीस आम्ही रोमला उतरलो. आमचा मुक्काम जोगिणींच्या एका मठात होता. रोममध्ये असे मठ पुष्कळ आहेत. पाहुण्यांना ते स्वच्छ, साधी खोली माफक भाड्याने देतात. भिंतीवर एक क्रूस, दोन लोखंडी खाटा, टेबलावर पाण्याचा तांब्या, आणि रात्री ठरल्या वेळी दार बंद. तुळजापूरच्या भक्तनिवासात राहिलेल्या माणसाला इथे काहीच परके वाटू नये! दारावरच्या वृद्ध जोगिणीला आमच्या घरधनिणीने तिळगूळ दिला. तिने तो आधी हुंगला, मग तोंडात टाकला आणि आमच्या बिछान्यांवर न मागता आणखी एकेक घोंगडी आणून टाकली. 'गोड बोला' याचे इतके तातडीचे प्रत्यंतर मला आमच्या आळीतही कधी आले नव्हते.

रोम आम्ही पायी पाहिले. खजिनदारांचे धोरणच तसे होते. बसचे तिकीट तंबाखूच्या दुकानात घ्यायचे आणि गाडीत चढल्यावर यंत्रात घालून त्यावर छाप उमटवायचा. तो नसला तर तिकीट असूनही दंड. "तिकीट काढूनसुद्धा दंड होतो, त्यापेक्षा चाललेलं बरं," असा निकाल लागला. कॉफीचाही कायदा तिने पहिल्याच दिवशी हुडकून काढला. तिथे उभ्याने कॉफी प्याली तर एक भाव आणि खुर्चीवर बसून प्याली तर बहुधा दुसरा, कधी कधी दुप्पट. मग आम्ही गल्ल्यापाशी टेकून, गवंडी-सुतारांच्या आणि कारकुनांच्या ओळीत, दोन घोटांची ती काळीभोर कॉफी उभ्याउभ्याच पीत असू. ती पिताना माणसे एकमेकांशी जे काही मोठमोठ्याने बोलत ते आम्हांला अक्षरानेही कळत नसे. परंतु पावसाविषयी आणि सरकारविषयी बोलत असावेत, असा माझा तर्क आहे. सकाळच्या पहिल्या कपाबरोबर जगात सगळीकडे हेच दोन विषय निघतात.

पण रोममध्ये आम्हांला थक्क केले ते पाण्याने. त्या शहरात रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबांचे नळ आहेत, सुमारे अडीच हजार. पुढे वाकडी तोटी असते, म्हणून लोक त्यांना 'नाकाडे' म्हणतात. १८७४ सालापासून ते बसवीत आले आहेत. त्यांना चावी नाही. गार, गोड पाणी अखंड वाहत असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून कारंजे उडते आणि माणूस न वाकता पाणी पितो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांनी डोंगरातून शहरात पाणी आणले. इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेल्या एका पाटाचे पाणी त्या प्रसिद्ध त्रेवीच्या कारंजात आजही येते.

आमची ही पहिल्या नळापाशी उभी राहिली ती उभीच राहिली. मला कळेना काय झाले. मग ती हळूच म्हणाली, "अहो, हे बंद कुठं होतं?" बंद होत नाही, म्हणून सांगितले, तरी तिने खाली वाकून, मागे जाऊन, चावी शोधून पाहिली. तिचे माहेर लातूरचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले होते, ते त्या लातूरला. घागरींच्या रांगेत रात्र काढलेल्या बाईला वाहत्या नळाकडे पाठ फिरवून जाणे जमत नाही. पुढे रोममध्ये असेपर्यंत प्रत्येक नाकाड्यापाशी ती थांबे, ओंजळभर पाणी पिई आणि उरलेले शेजारच्या झाडाच्या मुळाशी टाकी. बाटलीतल्या पाण्याला पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांना हे नळ दिसतही नसावेत. ते पाहायला तहान लागते आणि जरासा कंजूषपणाही लागतो.

नेपल्सला आम्ही सगळ्यांत स्वस्त गाडीने, म्हणजे सगळ्यांत हळू गाडीने गेलो. नेपल्स याचा अर्थ 'नवे शहर'. ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ठेवलेले हे नाव अजून तसेच आहे, आपल्याकडे शे-दीडशे वर्षांच्या जुनाट पेठेला नवीपेठ म्हणतात त्याप्रमाणे. रोममध्ये आपण पाहुणे आहोत असे वाटत होते. नेपल्समध्ये बार्शीच्या बाजारात आल्यासारखे वाटले. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दुचाक्यांचा कलकलाट, आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडून भाजी वर घेणाऱ्या म्हाताऱ्या. चार घड्या घालून कागदात दिलेला पिझ्झा हातात घेऊन लोक चालताचालता खात होते. आम्हीही घेतला. लसूण आणि टोमॅटो लावलेला, चीज नसलेला. "भाकरीवर ठेचा," असे त्याचे वर्णन वहीत आहे.

तिथे तरण्या पोरापोरींच्या वसतिगृहात आम्ही उतरलो होतो. एका खोलीत सहा जण, खाटा दुमजली, स्वयंपाकघर सामाईक. माझ्या नावाची खाट वरच्या मजल्यावर होती. अर्जेंटिनाच्या एका दाढीवाल्या पोराने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, काही न बोलता आपली वळकटी वर फेकली आणि खालची खाट मला दिली. त्या रात्री त्या स्वयंपाकघरात येसराची आमटी शिजली. ती खाताना अर्जेंटिनाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, तरी त्याने वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. मराठी आणि स्पॅनिश यांच्यात त्या संध्याकाळी जेवढी देवघेव झाली तेवढी यापूर्वी झाली असेल, असे मला वाटत नाही.

नेपल्समध्ये एक अख्खी गल्ली मातीच्या बाहुल्यांची आहे. सान ग्रेगोरिओ आर्मेनो तिचे नाव. नाताळात तिकडे घरोघरी येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. त्यासाठी लागणारे मेंढपाळ, पाणक्या, भटारी, मासेवाला, गाढव, विहीर, सगळे तिथले कारागीर मातीचे घडवतात, आणि दुकाने वर्षभर उघडी असतात. त्या गल्लीत शिरताच आम्हां दोघांना एकच गोष्ट आठवली. ती गोष्ट म्हणजे दिवाळीचा किल्ला. तेच ते वीतभर डोंगर, तीच अंगठ्याएवढी माणसे आणि तेच प्रमाणाचे अज्ञान. आमच्या किल्ल्यावर मावळ्यापेक्षा वाघ लहान असतो, तर इथे राजापेक्षा कलिंगड मोठे होते. एका दुकानात एक म्हातारा कुंभार मेंढपाळाचे नाक दुरुस्त करीत बसला होता. त्याला आमच्या गावी एक संत कुंभार होऊन गेले, हे सांगावेसे मला फार वाटले. भाषा नव्हती. मी मातीकडे बोट केले, मग हात जोडून वर पाहिले. त्याने तत्काळ आपल्या पाठीमागच्या फळीवरची एका संताची तसबीर दाखवली आणि मान डोलावली. त्याचा संत वेगळा आणि माझा वेगळा. पण चिखलाने भरलेल्या हातांवर वरून कोणाची तरी नजर असते, याबद्दल आमचे एकमत झाले.

त्याच शहरात कॉफीची आणखी एक तऱ्हा आढळली. गल्ल्यापाशी एक गृहस्थ आले, त्यांनी एक कप प्याला, दोन कपांचे पैसे दिले आणि निघून गेले. वसतिगृहातल्या मुलीने समजावून दिले, की ही नेपल्सची जुनी रीत आहे. एक कप आपला; दुसरा पुढे जो कोणी गरजू येईल त्याच्या नावाने ठेवायचा. देणाऱ्याने घेणारा पाहायचा नाही, घेणाऱ्याने देणारा. खजिनदारांनी थोडा वेळ विचार केला. दीड युरोचे सँडविच महाग म्हणून सकाळी नाकारलेल्या त्या बाईने बटवा उघडला, आणखी सव्वा युरो गल्ल्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता दाराबाहेर पडली.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही पाँपेईला गेलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालये आणि अवशेष सर्वांना फुकट असतात, हे मी घरूनच हेरून ठेवले होते. पाँपेई नेपल्सपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, धाराशिवपासून तेर आहे जवळजवळ तितकेच. व्हेसुव्हियसला वळसा घालून जाणारी गाडीही ओळखीची वाटली. तिच्या रुळांमधले अंतर सदतीस इंचांच्या आसपास. आमच्या तेरवरून लातूरला जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे तीस इंचांची होती. तीच गर्दी, तोच खडखडाट, आणि दारात लोंबकळणारी तीच पोरे.

पाँपेईविषयी पुस्तकांत खूप वाचले होते. इसवी सन ७९ मध्ये डोंगर फुटला आणि शहर राखेखाली गेले, हे मी शेकडो मुलांना शिकवले. पण पुस्तकातले शहर निर्जीव असते. इथे भटारखान्यातली दगडी जाती होती, चौकातले पाण्याचे हौद होते, आणि त्या हौदांचे काठ पाणी पिताना हात टेकून टेकून झिजले होते. सगळ्यांत मला पाहावेसे वाटले ते रस्ते. काळ्या दगडी फरशांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात, चांगल्या बोट-दोन बोटे खोल. माझे वडील बैलगाडीने ज्वारी घेऊन बार्शीच्या बाजाराला जात. लहानपणी गाडीवर झोप लागली की ते म्हणत, "झोप बिनघोर. बैलांना चाकोरी ठाऊक आहे." मी वाकून त्या चाकोरीत बोटे घातली. पाठीमागून गर्दी येत होती, म्हणून फार वेळ तसे बसता आले नाही.

मूर्ती ज्या घरात सापडली ते अबुंदान्त्सा नावाच्या मोठ्या रस्त्यावर आहे. ती स्वतः मात्र नेपल्सच्या संग्रहालयात असते. तिच्यासाठी आम्ही सोमवार राखून ठेवला होता आणि त्या दिवशी तिकिटे विकत घेतली. "रस्ते फुकटात पाहिले तरी चालतील," ही म्हणाली, "पण माहेरवाशिणीच्या भेटीला फुकटात जायचं नाही, आणि गर्दीत तर नाहीच."

आता एक अडचण होती ती सांगतो. पाँपेईत सापडलेल्या ज्या वस्तू चारचौघांत दाखवणे पूर्वीच्या लोकांना बरे वाटले नाही, त्या या संग्रहालयात एका निराळ्या दालनात आहेत. त्याचे नावच 'गुप्त दालन'. एकेकाळी त्याला कुलूप असे. २००० साली ते सर्वांना खुले झाले. मूर्तीच्या अंगावर दागिन्यांखेरीज विशेष काही नसल्यामुळे तिची रवानगीही तिथेच झालेली. त्या दालनातून डावी-उजवीकडे न पाहता चालत जाणे हे साठीतल्या नवरा-बायकोला वाटते तितके सोपे नाही! पदर सावरीत, समोर नजर रोखून आमची ही पुढे चालली होती. काचेपाशी पोचल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि ती म्हणाली, "आमच्या गावची लेक, आणि ठेवलीय कुठं बघा!"

मूर्ती वीतभराहून किंचित उंच आहे. डोक्यामागे हात नेलेला, गळ्यात हार, हातभर बांगड्या, पायांत जाड तोडे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यावर एक भोक आहे. एखाद्या चौरंगाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असे म्हणतात. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले. आता पंडित तिला यक्षी म्हणतात. ती कुठे घडली याविषयीही वाद आहे. तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे म्हणून काही जण वायव्येकडे बोट दाखवतात. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या मूर्तींची धाटणी तीच म्हणून काही जण आमच्याकडे. हे सगळे मी हिला हलक्या आवाजात सांगत होतो. ती ऐकत नव्हती. ती मूर्तीच्या पायांकडे पाहत होती.

"तोडे आपल्याकडचेच आहेत," ती शेवटी म्हणाली. "माझ्या आजीचे असेच होते. पंडितांना पायातलं काय कळतंय?"

त्यावर मी काही बोललो नाही. मला मूर्तीपेक्षा ती इथवर आणणारी माणसे दिसू लागली होती. घडवणाऱ्याने ती घडवली. कोणा गाडीवानाने ती चिंध्यांत गुंडाळून कापडाच्या गठ्ठ्यात खुपसली. भडोचच्या धक्क्यावर कोणा हमालाने ती जहाजात चढवली. तिचे पुढे काय झाले हे त्यांतल्या एकालाही कळले नाही. गाडी रिकामी करून गाडीवान परत फिरला असेल, वाटेत पैठणला एक मुक्काम केला असेल. माल इतका दूर गेला आणि माणसे निनावी राहिली. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते. पण ते मी समजत होतो त्याहून मोठे निघाले.

आणि आता या लेखाच्या आरंभी मी मोठ्या ऐटीत जे तत्त्वज्ञान सांगितले त्याच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. त्याच संध्याकाळी नेपल्सच्या स्टेशनासमोरच्या गॅरिबाल्डी चौकात पावसाने आम्हांला गाठले. पाऊस सुरू होताच जमिनीतून उगवावेत तसे छत्रीवाले उगवले. त्यांतला एक, पंचविशीतला, हिची साडी पाहून थांबला. "इंडिया?" मग मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणे निघाले. तो बांगलादेशचा. घर सोडून सहा वर्षे झालेली. एका खोलीत आठ जण राहत. कागदपत्रे व्हायची होती. झाली की आईला भेटायला जाणार होता. त्याने छत्री उघडून हिच्या हातात दिली. मी खिशात हात घातला तर मागे सरला. "अम्मा से पैसा नहीं." मग त्याने आम्हांला विचारले, "आप लोग इधर काम के लिए आए?"

"नहीं. देखने."

"सिर्फ देखने?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच नवल वाटले होते.

कडक भाकरी, दुमजली खाट, उभ्याने कॉफी, या सगळ्याचा जो एक अभिमान मी आठवडाभर बाळगला होता, तो त्या दोन शब्दांपुढे ओला होऊन खाली बसला. माझा खिसा हलका होता, परंतु त्यात परतीचे तिकीट होते. त्याचा खिसा रिकामा होता. हलका आणि रिकामा, या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. आधी कधी न पाहिलेल्या फडावर पाल ठोकतात, कुठले पाणी गोड ते हुडकतात, कोणता दुकानदार उधार देईल ते ओळखतात. परक्या मुलखात कमी पैशांत कसे राहावे हे त्यांना माझ्याहून कितीतरी चांगले ठाऊक आहे. त्यांनी त्यावर कधी लेख लिहिलेला नाही, एवढेच.

म्हणून काटकसरीचा प्रवास करू नये, असे मी म्हणणार नाही. उलट करावा. भरल्या खिशाने गेलो असतो तर तो छत्रीवाला मला काचेआडून दिसला असता, आणि छत्री माझ्याजवळ असती. त्याच्याशी बोलायला पाऊस अंगावर घ्यावा लागला. फक्त त्या प्रवासाला कोणी गरिबी म्हणू नये. ती गरिबीच्या घरची चार दिवसांची पाहुणचाराची ओळख. पाहुण्याने यजमानाच्या घराला आपले म्हणू नये.

परतल्यावर मी त्या मुलाला शोधून काढले. तो आता धाराशिवला कॉलेजात शिकतो. "पाहिली," म्हणून सांगितले. त्याने खूप प्रश्न विचारले, आणि शेवटी 'किती खर्च आला' हेही विचारले. मला ते आवडले. जायचा विचार असल्याखेरीज कोणी खर्च विचारीत नाही.

तो सांगण्यासाठी मी वही उघडली. अडीच लाखांतले अकरा हजार परत आले होते. सगळ्या रकमा तिने पैशापर्यंत मांडल्या होत्या. कॉफीच्या खात्याखेरीज एक वेगळी ओळ होती, 'पाणपोई, सव्वा युरो'. आणि शेवटच्या पानावर, येणे-देणे या मथळ्याखाली, 'छत्री एक. उसनवार.'

त्या पावसाळ्यात माळवद तीन ठिकाणी गळले. देवघरापाशी गळते तिथे पातेले असते, आणि तिथून स्वयंपाकघरात जाताना ती तीच काळी छत्री उघडते. नेपल्सच्या छत्रीखाली तेरमध्ये फोडणी पडते! यंदा स्लॅबचे पैसे पुन्हा साठू लागले आहेत. पण छत्रीचे देणे राहिलेच आहे, आणि सावकाराचा पत्ता आमच्याजवळ नाही. तेव्हा घरात एक नवा नियम झाला आहे. तेरच्या स्टँडवर पावसात खोळंबलेला कोणी परमुलखातला माणूस दिसला, की त्याला चहाला घरी घेऊन यायचे. आजवर चार जण येऊन गेले. वहीतली ओळ तिने अजून खोडलेली नाही.